‘टेम्पररी’ म्हणजे थोड्या दिवसांचा?

कंपनीच्या मराठी नोटिशीत ‘टेम्पररी कामगार’ला ‘अल्पकालीन कामगार’ लिहावं का, असा प्रश्न आलाय. माझ्या मते लिहू नये. अल्पकालीन म्हटलं की मुदत लहान. अल्पकालीन कर्ज म्हणतो ते त्या अर्थाने. ‘टेम्पररी’ मुदत किती ते सांगतच नाही. कधीतरी संपायचं धरलेलं आहे, एवढंच त्यातून कळतं. राज्यघटनेतलं 370वं कलम ‘तात्पुरती तरतूद’ म्हणून घातलं गेलं आणि 2019 पर्यंत चाललं. आता याला अल्पकालीन कोण म्हणेल?

‘तात्पुरता’ मला जास्त नेमका वाटतो. त्यापुरता, म्हणजे गरज भागेपर्यंत. सिंहस्थ कुंभमेळ्यात नाशिकच्या तपोवनात साधूंसाठी साधुग्राम उभं राहतं. तिथल्या शेड, नळ, संडास सगळं तात्पुरतं. मेळा आटोपला की निघालं.

‘हंगामी’चं वळण वेगळं. पेठ-सुरगाण्याकडून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला येणारी माणसं हंगामी मजूर. बागेचं काम संपलं की जातात, पण पुढल्या हंगामाला परत येतात. हे परत येणं ‘तात्पुरता’मध्ये नाही. वर्तमानपत्रवाले मात्र ‘हंगामी पंतप्रधान’ लिहितात. गुलझारीलाल नंदा 1964 आणि 1966 मध्ये तसे झाले होते. त्यात हंगाम कसला, असं मनात येतं खरं, पण हा प्रयोग आता इतका रुळलाय की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. ‘काळजीवाहू’ त्याच्या जागी बसवू नका. ते राजीनामा दिल्यावर नवी व्यवस्था होईपर्यंत कारभार पाहणाऱ्यांना म्हणतात.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत कारखान्यांच्या गेटवर यातलं काही ऐकू येत नाही. तिथे ‘अजून टेंपरवारीच आहे’, ‘परमनंट झाला’, नाहीतर ‘ब्रेक दिला’. 2025 पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभराची अखंड सेवा मोजताना 240 दिवसांचा आकडा यायचा, म्हणून ते दिवस भरण्याआधी कामात पाडलेला खंड, म्हणजे हा ‘ब्रेक’, सगळ्यांना पाठ. ‘कंत्राटी’ला टेंपरवारी समजू नये. कंत्राटी माणूस ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो, टेंपरवारी कंपनीच्या. नोटिशीत ही गल्लत झाली तर ती नुसती भाषेची राहत नाही, पगार आणि हक्कांपर्यंत जाते.

उलट बाजूला ‘कायम कामगार’ लिहा. ‘कायमचा कामगार’ नको. ‘कायमचा गेला’ ऐकायची सवय असलेल्या कानाला ते खटकतं. पत्ता मात्र कायमचाच असतो, फॉर्मवर तसा छापतातही.

एक अडचण उरते. ‘प्रोव्हिजनल सर्टिफिकेट’लाही आपण तात्पुरतंच प्रमाणपत्र म्हणतो. तिथे अर्थ ‘पक्कं येईपर्यंत चालवून घ्या’ असा. कामगाराच्या बाबतीत पक्कं होण्याची हमी नसते, त्यामुळे नोटिशीत ‘तात्पुरता’सोबत नेमणुकीची तारीख आणि मुदत लिहिलेली बरी.