मदत हवी आहे : पार्सन्स यांच्या मांडणीतील एक अडचण

नमस्कार. समाजशास्त्राच्या एम.ए.साठी मी शिक्षणाविषयीच्या प्रकार्यवादी भूमिकेवर (म्हणजे शाळेसारखी संस्था समाज चालू ठेवण्यासाठी कोणते कार्य करते, हे पाहणाऱ्या भूमिकेवर) मराठीतून टिपण लिहीत आहे आणि एका जागी अडले आहे.

घरी मुलाला ‘आमचा बाळ’ म्हणून वेगळे माप असते. शाळेत मात्र शेजारच्या बाकावरच्या मुलाची वही आणि त्याची वही एकाच निकषाने तपासली जाते, आणि पुढे समाजातील कामांची वाटणीही त्याच निकषाने होते, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कॉट पार्सन्स यांचे १९५९ च्या निबंधातील म्हणणे मला मनापासून पटते. परंतु त्याच निबंधात बोस्टन परिसरातील मुलांची आकडेवारी आहे. क्षमतेत सर्वांत वरच्या एक-पंचमांशात असलेल्या मुलांपैकी वरिष्ठ पांढरपेशांच्या ८९ टक्के मुलांचा कॉलेजला जाण्याचा बेत होता, तर मजुरांच्या अवघ्या २९ टक्के मुलांचा. क्षमता सारखी असताना एवढे अंतर का पडावे?

विषम समाजात गुणी मुले हेरलीच जात नाहीत, हा डेव्हिस आणि मूर (विषम मोबदल्यामुळेच महत्त्वाच्या जागी लायक माणसे येतात, असे मानणारे प्रकार्यवादी) यांच्यावरील समाजशास्त्रज्ञ मेल्विन ट्यूमिन यांचा १९५३ चा आक्षेप मला ठाऊक आहे. मला बचावाची बाजू प्रामाणिकपणे मांडायची आहे. प्रकार्यवादाच्या चौकटीत राहून या अंतराचे उत्तर कसे देता येईल, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.