'पॅकेजिंग' आणि 'डिप्लॉयमेंट' : वेष्टन, बांधणी, तैनाती की आणखी काही?

प्रश्न

आमच्या अंधेरीच्या कचेरीत नवीन अभियंत्यांसाठी मराठीतून माहितीपुस्तिका तयार होत आहे. वेब सर्व्हिसच्या, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाकेला उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सगळ्या फायली एकत्र करणे (पॅकेजिंग) आणि त्या ॲप्लिकेशन सर्व्हरच्या, म्हणजे असे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सर्व्हरच्या, हवाली करणे (डिप्लॉयमेंट) या कामांसाठी मसुद्यात 'वेष्टन' आणि 'तैनाती' हे शब्द योजले आहेत. दोन्ही मला खटकतात. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर १

'वेष्टन' खटकते ते योग्यच आहे. वेष्टन बाहेरून गुंडाळलेले असते. आत काय कुठे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतली वॉर फाईल, म्हणजे वेब ॲप्लिकेशनच्या सगळ्या फायली एकत्र केलेली फाईल, रचनेने झिपच असली, तरी तिच्यात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते: कंपाइल केलेले क्लास (चालवण्याजोगे केलेले कोडचे तुकडे) 'वेब-इन्फ' फोल्डरातल्या 'क्लासेस' फोल्डरात, सोबतच्या जार फायली (अशा क्लासांचे तयार गठ्ठे) 'लिब'मध्ये. एखादी जार 'लिब'ऐवजी चुकून एक पायरी वर राहिली, तर फाईल दिसायला पूर्ण असूनही सर्व्हरला हवा तो क्लास सापडत नाही. पुस्तकाचे फर्मे क्रमाने लावून शिवतात त्याला आपण 'बांधणी' म्हणतो आणि वेष्टन त्यावर मागाहून चढते. म्हणून इथे 'बांधणी' हाच शब्द घ्यावा. अनेक वॉर आणि जार एकत्र करणाऱ्या इअर फाईललाही तो चालतो.

उत्तर २

बांधणी मान्य. 'तैनाती' म्हटले की मराठी वाचकाला १८०२ चा वसईचा तह आणि तैनाती फौज आठवते, म्हणजे दुसऱ्याच्या दाराशी आणून उभे केलेले सैन्य. 'उपयोजन' घ्यावे, तर 'उपयोजित मराठी'मुळे त्याचा अर्थ 'प्रत्यक्ष वापर' असा रूढ झाला आहे. त्यापेक्षा आपण रोज बोलतो तेच लिहावे: 'वॉर सर्व्हरवर चढवली'.

उत्तर ३

'चढवणे' जिवंत शब्द आहे, पण त्यात फाईल नुसती सर्व्हरवर पोहोचवण्याचाही अर्थ येतो, आणि फाईल पोहोचली म्हणजे सर्व्हिस सुरू झाली असे नसते. सर्व्हर आधी ती उघडून सर्व्हिसचे वर्णनपत्र, म्हणजे 'वेब-इन्फ'मधली 'वेबसर्व्हिसेस डॉट एक्सएमएल' ही फाईल, वाचतो. सर्व्हरवरच्या जावासाठीच्या जावा ईई या मानकाच्या २००६ च्या ५ व्या आवृत्तीपासून तीच माहिती ॲनोटेशनमधून, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या खुणांमधूनही घेता येते, त्यामुळे ती फाईल बहुधा लागत नाही. नंतर क्लास लोड होतात आणि मगच सर्व्हिसचा पत्ता हाकेला ओ देऊ लागतो. या पडताळणीसकट कामावर घेण्याला मी 'रुजू करून घेणे' म्हणेन. 'रुजू' शब्दात हजर होणे आहे आणि, 'रुजुवात' या रूपात, ताडून पाहणेही आहे. पुस्तिकेत 'सर्व्हरने वॉर रुजू करून घेतली नाही' असे लिहिले, तर दोष वाहतुकीत नसून बांधणीत किंवा वर्णनात शोधायचा, हे नवख्यालाही कळेल. फाईल पाठवण्यापुरते 'चढवणे' ठेवावे.