मदत हवी आहे: जुन्या कंट्रोलरचं ए बटण रुसलंय

मंडळी, १९९० च्या आसपासचा व्हिडिओ गेमचा एक वायरवाला कंट्रोलर दुरुस्त करतोय. डी-पॅड (दिशांचं अधिक-चिन्हासारखं बटण) झकास, पण ए बटण अंगठा दुखेपर्यंत दाबलं तरच लागतं.

उघडला. आत नेहमीचंच: बटणांखाली रबर, रबराला काळ्या कार्बनच्या टिकल्या, त्या टेकतात तिथे बोर्डावर काळ्या पट्ट्या. मळ मात्र अफाट (आणि बहुधा कुणाचं तरी सरबत). प्लास्टिक साबणपाण्याने धुतलं, बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसला. दोन दिवस छान चाललं, मग पुन्हा तेच.

ए आणि बी ची रबरी पट्टी एकच आहे. ती उलट फिरवून बसवली, तर दुखणं बी वर गेलं! म्हणजे बोर्ड ठीक, टिकलीच झिजलीय. मल्टिमीटरवर चांगली टिकली ३०० ओमच्या आत दाखवते, ही ४ किलोओमच्या वर. एका मित्राने पॉलिश पेपर सुचवला, पण बोर्डावर तो फिरवायला मी धजणार नाही. कार्बनच्या पट्ट्याच खरवडून निघतील.

टिकलीवर ग्राफाइटचा लेप कुणी दिलाय का? किती महिने टिकला? की सरळ नवं रबर घालू?

आणखी एक. वायर कंट्रोलरच्या तोंडाशी वाकवली की सगळीच बटणं मरतात. आत पाच तारा आहेत. तेवढा तुकडा कापून पुन्हा डाग द्यावा, की अख्खी वायर बदलावी? बदललीच तर रंगांवर विसंबू नये, प्रत्येक तार मीटरने तपासावी, एवढं ठाऊक आहे.