अनुभव धागा: लॉकडाऊनच्या आधीचे आठवडे

करोनाच्या लॉकडाऊनबद्दल आपण सगळ्यांनी भरपूर लिहिलंय. इथे त्याआधीचं लिहूया. ३१ डिसेंबर २०१९ला वुहानमधल्या न्यूमोनियाची खबर जागतिक आरोग्य संघटनेला लागली, तिथपासून २२ मार्च २०२०च्या जनता कर्फ्यूपर्यंत तुम्ही कुठे होतात, काय पाहिलंत? फॉरवर्ड नकोत, स्वतःचं सांगा.

• मी वुहानला एमबीबीएस करत होतो. १ जानेवारीला हुआनानचा मासळीबाजार बंद झाला, पण माणसाकडून माणसाला लागण होते हे अधिकृतपणे सांगितलं २० तारखेला. २३ला शहरच बंद! मधल्या काळात आम्ही बिनधास्त मेट्रोनं फिरत होतो, याचा राग आजही जात नाही. पुढे होस्टेलच्या खोलीत राइस कुकर आणि आईनं दिलेलं मेतकूट, एवढ्यावर निभावलं. साताऱ्याहून तिचा रोज फोन, "बाळा, जेवलास ना नीट?" १ फेब्रुवारीला पहिल्या विमानानं आम्ही ३२४ जण दिल्लीला उतरलो. तिथून मानेसरला विलगीकरणात.

• मिलानजवळ राहते. २१ फेब्रुवारीला इथल्याच कोदोन्यो गावात रुग्ण सापडला आणि तो स्वतः चीनला गेलेलाच नव्हता. म्हणजे साथ आधीच इथे फिरत होती. पोटात गोळाच आला.

• आमचे हे जपानमध्ये योकोहामाला अडकलेल्या क्रूझ जहाजावर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात होते. प्रवाशांना केबिनबाहेर पडायची बंदी, पण त्यांना ताटं पोचवायला क्रू हवाच ना! शेवटी जहाजावर सातशेहून जास्त जणांना लागण झाली. क्रूच्या लोकांचं कौतुक फार कमी झालं.

• जिल्हा रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. घशाचा स्वॅब घेताना माणूस हमखास ठसकतो, तेही थेट आपल्या तोंडासमोर. नमुना तीन आवरणांत बंद करून, बर्फाच्या पेटीत घालून पुण्याला एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे) जायचा. ९ मार्चला दुबईहून आलेलं पुण्यातलं जोडपं पॉझिटिव्ह निघालं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात रांग लागली. पीपीई किट मोजकेच, म्हणून एकदा चढवला की पाणी प्यायलाही काढत नसू.

• वुहानवाले दादा, माझी भाचीही तिकडेच होती. २०२२ उजाडलं तरी तिचं शिक्षण मोबाइलवरच चालू होतं. रुग्णालयाच्या वॉर्डात शिकायचं राहिलेलं काम तुम्ही इथे कसं भरून काढलंत? सविस्तर लिहाल का?