कामाला बसताना चित्त लागावे म्हणून तुम्ही नक्की काय करता?

अक्षरओळ (फोंडा)

नमस्कार मंडळी. मी पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठे करते, सगळे घरूनच. सकाळी पोदेर (पाववाला) भोंगा वाजवत गेला की चहा, मग कॉम्प्युटर सुरू, आणि पुढे साडेअकरापर्यंत मी काय केले ते माझे मलाच सांगता येत नाही. टंक (फॉन्ट) निवडायला बसते, तेवढ्यात कुणाचे तरी स्टेटस दिसते, तिथून लग्नाचे फोटो, मग आठवते की दळण आणायचे राहिले. मुखपृष्ठाच्या बाबतीत तर आणखीच वाईट. कल्पना सुचतात, पण एकीवरही टिकून बसवत नाही. दुपारपर्यंत पाच अर्धवट फाइली.

आई म्हणते सरस्वतीचा श्लोक म्हण. मावशी म्हणते गायत्री, कारण त्यात बुद्धीला चालना दे असे मागणेच आहे. यूट्यूबवर एकजण बीजमंत्र तासन्‌तास लावून ठेवा म्हणतो. तेही लावून पाहिले. ऐन रंगात आले असताना मध्येच प्रेशर कुकरची जाहिरात लागली.

तर मला उपदेश नको, तुम्ही स्वतः काय करता ते सांगा. देवघरात बसता की कामाच्या टेबलावरच? किती वेळ? आणि विचारायला जरा संकोच वाटतो, पण आमच्याकडे सोमवार-गुरुवार सोडला तर घरात नुस्ते, म्हणजे मासे असतात. दुपारी हुमण-भात (माशांची आमटी आणि भात) जेवून परत कामाला बसताना जप चालतो का? रोज शिवराक (शाकाहारी) राहायची माझी तयारी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

रात्रपाळी_वेर्णा

मी वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे तुमचा अर्धा आजार आम्हाला कंपनीनेच बरा करून दिलाय.

मी बसमध्ये भीमरूपी म्हणतो, मनातल्या मनात. फोंड्याहून निघाल्यावर बोरीचा पूल येईपर्यंत तीन-चारदा होते. शेजारचा घोरत असतो, पुढचा मोबाइलवर रील्स बघत असतो, आपले चालू ठेवायचे. फळबिळ मला ठाऊक नाही, पण लॅबमध्ये शिरताना डोक्यात घरची कटकट राहिलेली नसते. आमच्याकडे एक आकडा चुकीचा लिहिला तर अख्खी बॅच अडकते, तेव्हा मला एवढे पुष्कळ आहे.

नुस्त्याचे म्हणाल तर माझ्या डब्यात बांगडा असतो. मारुतीने अजून तरी तक्रार केलेली नाही.

तर्कटराव

राग मानू नका, पण अथर्वशीर्षाची फलश्रुती एकदा अर्थासकट वाचा. दूर्वांनी पूजा करील तो कुबेरासारखा होईल, लाह्यांनी करील तो यशस्वी आणि मेधावी होईल. हे शब्दशः खरे असते तर परीक्षेच्या आधी बाजारात लाह्या मिळाल्या नसत्या. पंचवीस मिनिटांचा गजर लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, संपले. देवाला तुमच्या डेडलाइनच्या कामाला कशाला जुंपता? भक्ती करायची तर निष्काम करा, काम करायचे तर काम करा. दोन्हींची मिसळ करून दोन्ही बिघडतात असे माझे मत.

मातीचे_हात (माशेल)

तर्कटराव, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा सल्ला शंभर टक्के मान्य. बाय, पहिले तेच कर. पण मिसळीबद्दल जरा लिहितो, कारण आमच्या घरात या दोन गोष्टी वेगळ्या करायची सोयच नाही.

आमची गणपतीची चित्रशाळा आहे, आजोबांपासूनची. एरवी मी शाळेत चित्रकला शिकवतो, पावसाळा सुरू झाला की घरची पडवी मातीने भरते. लोक आपापले पाट आणून देतात, पाटावर नारळ आणि विडा ठेवतात, की मूर्ती नक्की झाली. ते पाट भिंतीला ओळीने टेकून उभे असतात. त्यांच्याकडे बघून ‘आज मूड नाही’ म्हणून दाखवावे कुणीतरी. चवथ काही आपल्यासाठी थांबत नाही.

रोजचा आमचा क्रम असा. आंघोळ झाली की देवापुढे दिवा लावायचा आणि एक निरांजन पडवीत आणून ठेवायचे. भिजवलेल्या मातीतला सुपारीएवढा गोळा घेऊन त्याचा चिमुकला गणपती करायचा, सोंड आणि पोट एवढेच, त्याला पानावर बसवायचे, वर दूर्वा. मग अथर्वशीर्ष एकदा, मोठ्याने. पाच-सात मिनिटे लागतात. वडिलांनी घालून दिलेली पद्धत अशी की म्हणताना हात मातीत हवेत. तोंडाने अथर्वशीर्ष, बोटांनी माती तिंबायची आणि खडे वेचायचे. खडा हाताला लागला की बाजूला टाकायचा, म्हणणे थांबवायचे नाही. एकदा एका भटजींनी हे बघून नाक मुरडले होते. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि आपले चालू ठेवले.

म्हणून झाल्यावर मूर्तीची बैठक उभी राहीपर्यंत पडवीत कुणी बोलत नाही. संध्याकाळी कोरण्या धुवायच्या, अर्धवट मूर्तींवर ओले फडके टाकायचे, दिवा लावायचा, आणि सकाळचा तो सुपारीएवढा गणपती परत त्याच मातीत मिसळायचा. दुसऱ्या दिवशी नवा.

याचा उपयोग काय होतो ते माझ्या अनुभवापुरते सांगतो. पाठ असलेल्या गोष्टीला विचार करावा लागत नाही, पण लक्ष लागते. अथर्वशीर्षात ‘अव पश्चात्तात् । अव पुरस्तात् ।’ असे दिशांचे एक ओळीने येते. तिथे माझी उत्तर आणि दक्षिण अदलाबदल झाली की समजायचे, मन पडवीतून उठून बाजारात गेले. मग त्याला धरून आणायचे आणि पुढची ओळ. गीतेच्या सहाव्या अध्यायातही चंचल मन जिथे जिथे भटकेल तिथून परत आणायला सांगितले आहे. भटकूच नये अशी अट नाही, हे मला फार सोयीचे वाटते! परत आणायची ही सवय सकाळीच हाताशी आली की दिवसभर वापरता येते.

आता नवे सुचण्याबद्दल. लोकांना वाटते, गणपती तो गणपती, त्यात नवे काय. खरे आहे, आराखडा ठरलेलाच आहे आणि तो त्याच स्तोत्रात आहे. एक दात, चार हात, पाश, अंकुश, मोडलेला दात, वर देणारा हात, तांबडा वर्ण, मोठे पोट, सुपासारखे कान. रोज ‘शूर्पकर्णकम्’ म्हणताना सूप डोळ्यांपुढे येते. एका वर्षी पाखडताना आईच्या हातातले सूप जसे किंचित कलते, तसा कान कलता करून पाहिला, आणि गिऱ्हाइके विचारू लागली की यंदा गणपती ऐकत असल्यासारखा का दिसतो. शेकडो वेळा म्हटलेला शब्द एखाद्या दिवशी असा हाताशी येतो. मागून येत नाही. तुझ्या पाच अर्धवट फाइली वाचून मला वाटले, तुला कल्पना जास्त झाल्यात, आराखडा कमी पडतोय.

डोळे सर्वांत शेवटी. रंग, पीतांबर, शेला, दागिन्यांचे सोनेरी काम, सगळे झाल्यावर. मी ते पहाटे करतो, गाड्यांचा आवाज सुरू व्हायच्या आत. करंगळी सोंडेच्या मुळाशी टेकवायची, म्हणजे हाताला आधार मिळतो. वरच्या पापणीची रेघ नाकाच्या बाजूने बाहेर, एका दमात, श्वास सोडता सोडता. श्वास घेताना काढली तर रेघ थरथरते, हे कुणालाही करून बघता येईल. मग कोपऱ्यात पुसट तांबडे, बुबुळ, आणि शेवटी पांढरा ठिपका. दोन्ही डोळ्यांतला ठिपका एकाच बाजूला हवा, नाहीतर नजर फाटते. यावेळी मी स्तोत्र म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. म्हणून झालेले असते.

निष्काम वगैरेबद्दल तर्कटरावांना एवढेच, की मी मूर्तीचे पैसे घेतो आणि कमी दिले तर मागूनही घेतो. पण महिनाभर घासलेली मूर्ती बऱ्याच घरांत दीड दिवसाने पाण्यात जाते. त्यामुळे ‘अजून जरा नीट करतो’ म्हणत तिला कवटाळून बसता येत नाही. तारखेला द्यायची. मुखपृष्ठवाल्यांना हे कितपत लागू आहे ते तू ठरव.

नुस्त्याचे: मूर्ती पडवीत असेपर्यंत आमचे घर शिवराक. श्रावणात तसेही बहुतेकांकडे बंदच असते. पण हा नियम आमच्या मूर्तीकामाचा. नामाला अशी अट कुठल्या संताने घातलेली माझ्या वाचनात नाही. तू हात धू, चूळ भर आणि खुशाल बस. हुमण-भातानंतर जी झोप येते तिच्यावर मात्र माझ्याकडे मंत्र नाही.

निवृत्त_बाई (डिचोली)

अक्षरओळ, तुझे काम अक्षरांचे म्हणून लिहिते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर घोटून घोटून सुंदर करावे, ओळी सरळ असाव्यात, आणि पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत असावे, सगळा एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, असे समर्थ सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते वाचता येणार नाही, हेही सांगितले आहे! हल्लीच्या पुस्तकांचा टंक बघून मला ते रोज आठवते, हा टोमणा समज. मी शाळेत असताना पेपर तपासायच्या आधी हा समास वाचून घ्यायची. मुलांच्या अक्षराकडे मग जरा माणुसकीने बघता यायचे.

दुसरे, आश्विनातल्या नवरात्रात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन आणि श्रवण नक्षत्रावर विसर्जन असते. आमच्या घरी मधल्या पूजेच्या दिवशी पुस्तके, पेन, हार्मोनियम, सगळे देवीपुढे मांडलेले असायचे आणि त्याला हात लावायचा नाही. मुलांना सुट्टीचा आनंद, मला मात्र दुपारपर्यंत चुकल्यासारखे होई. दुसऱ्या दिवशी पेन उचलताना वेगळेच वाटते. तू लॅपटॉप ठेवून बघ, हळदकुंकू मात्र कळफलकावर टाकू नकोस. माझ्या जावयाने टाकले होते.

अक्षरओळ (फोंडा)

सगळ्यांना देव बरें करूं.

काका, तुमचे आराखड्याचे वाक्य वाचून मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. खरेच आहे. माझ्याकडे आलेल्या हस्तलिखितात लेखकाने काय सांगितले आहे ते न वाचताच मी रंग शोधत बसते. आता असे ठरवले आहे: ‘या कुन्देन्दु’ शाळेपासून पाठ आहे, तेच म्हणायचे. कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी, टेबलावरच, आणि म्हणताना पेन्सिलींना टोक काढायचे. मातीच्या जागी माझ्याकडे तेवढेच आहे. मग हस्तलिखिताची काही पाने कागदावरच वाचायची आणि त्यानंतर यंत्राला हात. तर्कटराव, गजरही लावते, तुमचेही मन राखले.

बाई, टंकाचा आकार वाढवायला प्रकाशक कागदाचा खर्च सांगतात. समास छापून पाठवू का त्यांना?

आणि काका, चित्रशाळा बघायला आले तर चालेल का? डोळे आखताना नाही, ते समजले. एरवी कधीतरी.

तर्कटराव

पेन्सिलीला टोक काढताना श्लोक, हे मला पटते. पटते असे म्हणालो हे कुणाला सांगू नका.

मातीचे_हात (माशेल)

ये की, बाय. नागपंचमीच्या आसपास ये, तोवर रंग सुरू झालेले नसतात आणि माती बघायला मिळते. चवथीच्या आधीच्या आठवड्यात मात्र नको, तेव्हा मी घरच्यांशीसुद्धा धड बोलत नाही. जुने कपडे घालून ये, आल्याबरोबर खडे वेचायला बसवीन. आणि बसायला पाट मागू नकोस, सगळे गिऱ्हाइकांचे आहेत.