'क्वेरी लेटर'ला मराठीत काय म्हणाल?

कोरापान : होतकरू कादंबरीकारांसाठीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. 'माझं हस्तलिखित वाचायला घ्याल का' असं साहित्यिक एजंटला विचारणारं जे एकपानी पत्र, त्याला मी 'चौकशीपत्र' म्हटलं. संपादकबाईंचा शेरा आला : 'पोलिसांनी पाठवलंय का?' पर्याय सुचवा. 'पृच्छापत्र' नको, जीभ अडखळते.

अर्धविराम : शेरा बरोबर, कारण चुकीचं. व्यापारी पत्रव्यवहारात चौकशीपत्र गिऱ्हाईक लिहितं, 'मालाचे दर कळवा' म्हणून. इथे मालही तुमचा, पत्रही तुमचंच. हे प्रस्तावपत्र झालं.

निरगाठ : प्रस्ताव म्हटलंत की घोळ. कथेतर पुस्तकाचं 'बुक प्रपोजल' ही निराळी चीज आहे. प्रकरणांची रूपरेषा, नमुना प्रकरण, वाचक कोण, स्पर्धेतली पुस्तकं कोणती, असं सगळं त्यात येतं. क्वेरी तीन-साडेतीनशे शब्दांत आटपते. पुस्तिकेत दोन्ही आली तर काय कराल?

टाकबोरू : पृच्छेवर राग का? क्वेरी आणि पृच्छा सख्ख्या बहिणी आहेत, कानालाच कळतं.

अर्धविराम : कानाचं ऐकू नका. क्वेरी आली लॅटिन 'क्वेरे'वरून, 'विचार!' असं आज्ञार्थी रूप. आपल्या प्रच्छ् धातूचं लॅटिनमधलं नातं 'प्रेकारी'शी, म्हणजे विनवण्याशी. त्याच प्रच्छ् चं घरगुती रूप हवं तर 'पुसणे' आहे, विचारपूसमधलं.

टाकबोरू : पूसपत्र! एजंट पुसून टाकायला मोकळा.

बिनशाई : काहीही ठेवा, पण 'विनंतीपत्र' नको. नाव तसा सूर लागतो. एका लेखकमित्राचं पत्र तपासलं होतं. 'आपला बहुमोल वेळ', 'हा अल्पसा प्रयत्न', 'गोड मानून घ्यावा' यातच अर्धं पान खर्ची. नायिकेला काय हवंय, आड काय येतंय, हुकलं तर तिचं काय जाणार, हे शेवटच्या परिच्छेदात घाईघाईनं. ते उचलून वर आणलं. खाली साहित्यप्रकार, शब्दसंख्या, त्याच जातीची अलीकडची दोन पुस्तकं आणि स्वतःबद्दल दोन ओळी. कादंबरीचा शेवट मात्र यात सांगायचा नसतो, तो सिनॉप्सिसमध्ये.

खोडरबर : सिनॉप्सिसला सरळ 'गोषवारा' म्हणा. पण एजंटला काय म्हणणार? 'अभिकर्ता' वाचलं की मला विम्याचा हप्ता आठवतो.

निरगाठ : दलाल! अरबी शब्द, मुळात वाट दाखवणारा. लंडनच्या ए. पी. वॉटनं एकोणिसाव्या शतकात या धंद्याचा पाया घातला तेव्हा तो १० टक्के घेई. आता साधारण १५, तेही पुस्तक विकलं गेलं तरच. टक्केवारीवर जगतो तो दलालच, लाज कसली?

कोरापान : दलाल लिहिलं तर शेरा नाही, अख्खी पुस्तिकाच परत येईल. मंडळी, पत्राचं काय?

अर्धविराम : 'अडत्या' जास्त नेमका. माल दुसऱ्याचा, तो विकून देतो आणि आपली अडत कापून घेतो.

खोडरबर : आणि हस्तलिखित नुसतं वाचायचेच आगाऊ पैसे मागतो त्याला?

निरगाठ : त्याच्यासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. आधी त्याच्यापासून लांब राहा.

बिनशाई : अडत्या करारातल्या कलमांवर भांडत नाही, अनुवादाचे आणि चित्रपटाचे हक्क राखून ठेवत नाही. एजंट हे सगळं करतो. मुखत्यार म्हणा.

अर्धविराम : मुखत्यार सही करू शकतो. एजंट वाटाघाटी करतो, पण करारावर सही लेखकाचीच असते.

टाकबोरू : एजंट चालतो, लेटर चालतं, मग क्वेरीनंच काय घोडं मारलंय?

खोडरबर : संगणकवाले 'क्वेरी' वाचून डेटाबेस उघडतील.

बिनशाई : अर्धविराम, मुखत्यारपत्र एखाद्या कामापुरतंही देता येतं, त्यात सहीचा अधिकार असलाच पाहिजे असं कुठेय?