घाटातली उताराची पाटी तुम्हाला कधी कळली?

लाल त्रिकोण, आत काळा उतार आणि '१०%'. गाडी शिकल्यावर कित्येक वर्षं मी हे १० अंश समजत होतो. तसं नसतं. आडवं १०० मीटर अंतर जाताना रस्ता १० मीटर खाली उतरतो. कोन भरतो ५.७ अंश. १००% म्हणजे ४५ अंश. काही पाट्यांवर हेच १:१० असं लिहितात. पाटी कळली नाही म्हणून, किंवा वेळेत कळली म्हणून काय घडलं, ते सविस्तर लिहा.

—

माझ्या पाटीवर ८% होतं. खाली '६ किमी' लिहिलेलं, तिकडे लक्षच दिलं नाही. चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत राहिलो. निम्म्यात जळका वास आला. मग पेडल मऊ पडून खाली जायला लागलं. धडाधड गिअर खाली आणत कशीबशी गाडी कडेला घेतली. चाकाजवळ हात नेला तर धग लागत होती. मेकॅनिक म्हणाला, ब्रेक ऑइल उकळलं. मग पाय नुसता वाफेचे बुडबुडे दाबतो.

—

८% आणि ६ किमी म्हणजे जवळपास ४८० मीटर खाली! तेवढी सगळी उतरण ब्रेकवर काढली तर ते तापणारच. मी तर आधी किलोमीटर वाचते, मग टक्के.

—

वडील ट्रक चालवायचे. ज्या गिअरमध्ये चढशील, त्याच गिअरमध्ये उतर, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. आणि गिअर टाकायचा तो पाटी दिसताच, उतार लागायच्या आधी. भरलेल्या गाडीने एकदा वेग घेतला की खालचा गिअर पडत नाही, गाडी न्यूट्रलमध्येच राहते. डिझेल वाचवायला मुद्दाम न्यूट्रल करणाऱ्यांवर ते फार चिडायचे.

—

बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांतही खालच्या गिअरसाठी 'एल' (लो) किंवा मॅन्युअल मोड असतो. मला तो तीन वर्षांनी सापडला. उतरताना जरूर वापरा.

—

लांब उतारांवर कुठे कुठे कडेला खडी भरलेला चढाचा फाटा असतो, त्याचीही पाटी असते. ब्रेक गेलेल्या गाडीने तिथे घुसायचं. मला ती पार्किंगची जागा वाटायची. मग एकदा तिथे ट्रक पाहिला. चाकं अर्धी खडीत रुतलेली, आणि ड्रायव्हर पायरीवर बसून पाणी पीत होता.